चोवीस व्होल्टची बोट

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

ही डायरी बायकोने, विनयाने, आणून दिली. रोज चार ओळी लिहायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघावं आणि गोळी लिहून द्यावी, एवढंच त्यांचं काम. पण गेल्या खेपेला त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. टेलिफोन खात्यात सगळा जन्म आकड्यांत गेला आणि हा काल मिसरूड फुटलेला मुलगा माझी वजाबाकी तपासतो. मी रागावून मध्येच सोडून दिलं. बाहेर आल्यावर विनयाने लगेच रिक्षा बोलावली. तिलाही माझा राग पटला असावा.

आज मात्र लिहिण्यासारखं काही आहे. सकाळी सायकलने पाचूबंदरला गेलो होतो, मासळी आणायला. पूर्वी रोझलीनबाई टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगखाली यायच्या. त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून त्यांचं येणं थांबलं आणि माझं जाणं सुरू झालं. शेजारच्या वॉल्टरच्या बोटीवरची मासळी त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. आज बोंबलांची पिशवी हातात देऊन म्हणाल्या, "साहेब, तुमी टेलिफोनवाले ना? आमची टीवी बगता?"

टीव्ही नव्हता तो. जहाजावरचा कॅमेरा आणि त्याचा जुना काळा-पांढरा पडदा. हल्ली बँकांत, सोनारांकडे सीसीटीव्ही म्हणून असतो तोच प्रकार, पण वजनाला चौपट. त्यांचा नवरा सेबेस्टियन आगबोटीवर होता. ती आगबोट मोडीत निघाली तेव्हा हा सेट त्याने घरी आणला. कॅमेरा छपराच्या कडेखाली, तोंड किनाऱ्याकडे. पडदा खाटेच्या समोर. पुढे सेबेस्टियनची एक बाजू लुळी पडली आणि त्यांची मासेमारीची बोट, रोझरी, घरासमोर ओंडक्यांवर उभी राहिली ती पाच वर्षं जागची हलली नाही. सेबेस्टियनही हलला नाही. पडल्या पडल्या दिवसरात्र तो पडद्यावर आपली बोट बघत राहिला. दोन वर्षांपूर्वी तो वारला आणि मुलाने, ग्लेनने, बोट विकली.

सेट मात्र चालूच होता. गेल्या आठवड्यात तो बंद पडला. कॅमेऱ्याला आणि पडद्याला वीज पुरवणारा जो लोखंडी डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तो जळलाय. मी झाकण काढलं तर आत खाऱ्या हवेने सगळं हिरवं झालेलं. वरची आकड्यांची पट्टीही गंजून गेलीय. किती व्होल्टचा होता ते कळायला मार्ग नाही.

मी म्हटलं, "आता समोर नुसती वाळू. सेट हवा कशाला?"

"बोट येते ना."

"कुठली बोट?"

"रोझरी. सकालची येते. धुकं असला का आपल्या जाग्यावर उभी. पांढरीफेक."

मी डबा पिशवीत टाकून निघालो. किल्ल्याजवळ सायकल उभी करून थोडा वेळ बसलो. ऊन छान होतं. घरी पोचलो तेव्हा बोंबील वाया गेले होते. एवढा वेळ कसा गेला कोण जाणे.

१९ नोव्हेंबर, रविवार

ग्लेन भेटला. विरारला चौथ्या मजल्यावर राहतो, अंधेरीला नोकरी. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की दुपारी आईकडे जेवायला येतो. मुलगा वाईट नाही. मला बाहेर पडवीत घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "अंकल, प्लीज, तुम्ही मम्मीला एन्करेज करू नका. न्यू इयर झालं की मी तिला विरारला नेतोय. तिथे एक चांगला डॉक्टर आहे, डोक्याचा. इथे एकटी असते, ती अशी बोलायला लागली."

"बोट दिसते म्हणते, एवढंच ना?"

"व्हाइट बोट म्हणते अंकल. डॅडीची बोट काळी होती. अख्खी डांबर लावलेली. मी स्वतः लावायचो. नवऱ्याच्या बोटीचा रंग पण बाई विसरली, म्हणजे विचार करा."

मला एकदम संताप आला. माणूस एखादी गोष्ट विसरला की लगेच त्याला उचलून चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं? असं मी बोललोही. आवाज चढला असावा, कारण रोझलीनबाई आतून बाहेर आल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "विरारला मला नाय जायचा. तुज्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. सेट चालू कर. तुला बोट नाय दिसली तर नेस मला, मी एक शब्द बोलनार नाय."

ग्लेन म्हणाला, "आणि दिसली तर?"

"तर मी हितंच मरन."

त्याने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले. "ओके. न्यू इयरपर्यंत. अंकल, करा चालू."

म्हणजे आता सगळं त्या डब्यावर आलं. रोझलीनबाईंनी आपलं घर पणाला लावलं आणि ते राखायला नेमला मला. जेवताना विनयाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नका ना एवढं मनाला लावून घेऊ." मग बराच वेळ माझ्या ताटातल्या भाताकडे बघत बसली. मी दोनदा मीठ घेतलं होतं म्हणे.

२२ नोव्हेंबर, बुधवार

स्टेशन रोडला दुकानं पालथी घातली. जो तो बारा व्होल्टचा अडॅप्टर पुढे करतो. एकाने तर म्हटलं, "अंकल, ये फेंक दो, नया लगा लो." मी त्याला म्हटलं, नवा लावला की नवंच दिसेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. मलाही माझं वाक्य नीट कळलं नाही, पण बोलताना अगदी बरोबर वाटलं होतं.

धोका असा की व्होल्ट जास्त दिले तर सेट कायमचा जाईल. कमी दिले तर नुसता दिवा लागेल. अंदाजाने काही करायची सोय नाही.

२३ नोव्हेंबर

सायकल चोरीला गेली. पोलिसांत जाणार होतो. संध्याकाळी विनया ती हातात धरून घेऊन आली. कालच्या त्या दुकानासमोर उभी होती. मी चालत घरी आलो होतो म्हणे. दुकानदाराला हाक मारायला काय झालं होतं?

२६ नोव्हेंबर, रविवार

बारा व्होल्ट लावून बघितले. लाल दिवा लागला. पडदा काळाच. रोझलीनबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. त्यांनी उठून चहा ठेवला. मला फार लाज वाटली.

कोपऱ्यात ग्लेनने आणून ठेवलेली नवी मोठी बॅग आहे, नेण्यासाठी. ती अजून रिकामी आहे. रोझलीनबाई तिच्यावर वाळलेले कपडे ठेवतात.

४ डिसेंबर, सोमवार

नालासोपाऱ्याला एक जुना माल विकणारा आहे असं कळलं, म्हणून निघालो. काम झालं नाही. परत येताना रिक्षातून पारनाक्याला उतरलो. तिथे एक गंमत झाली. दोन रस्ते समोर होते आणि दोन्ही सारखेच छान दिसत होते. एकीकडे झाडांची सावली, एकीकडे देवळाच्या कळसावर ऊन. आपलं घर कुणीकडे, हा प्रश्न थोडा वेळ पडला खरा, पण त्याचं ओझं असं काही वाटलं नाही. लहानपणी आजारपणात ताप उतरताना असं हलकं वाटायचं. मी उभा राहिलो. घाई नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या लतिकाताई भाजी घेऊन जात होत्या. म्हणाल्या, "चला काका, बरोबरच जाऊ." दंडाला धरून चालत होत्या. हल्लीच्या बायका फार प्रेमळ झाल्यात.

रात्री विनया बाल्कनीत अनुष्काशी फोनवर बोलत होती, अगदी दबक्या आवाजात. लेक पुण्याहून रोज फोन करते हल्ली. "इथलं सगळं विकून?" असं कानावर आलं, मग मला बघून विषय बदलला. माझी पासष्टी जवळ आलीय, त्याचंच काहीतरी गुपित चाललेलं दिसतंय. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

१० डिसेंबर, रविवार

आज छडा लागला.

सकाळी वॉल्टर त्याच्या बोटीची बॅटरी खांद्यावरून उतरवत होता. चार्जिंगला न्यायची होती. मी सहज विचारलं, लोडशेडिंगमध्ये सेबेस्टियनचा सेट बंद पडत असेल, नाही? तर म्हणतो, "छे. तो कुटं बंद ठेवतोय. लाइट गेली का बोटीच्या बॅटऱ्या लावायचा. तश्या पन पावसात बोटी वर घेतल्या का आमी बॅटऱ्या घरातच आनतो, चोरी नको म्हनून. त्याच्या तर खाटेखाली पडलेल्या असायच्या."

"बॅटऱ्या? किती?"

"दोन. एकीला एक जोडायचा. एकीवर दिवा फक्त लागायचा, चित्र यायचा नाय."

बोटीची बॅटरी बारा व्होल्टची. दोन, एकीला एक जोडून. चोवीस. मी वाळूत तसाच खाली बसलो. महिनाभर दुकानं फिरलो, परक्या माणसांना विचारलं आणि शेजारच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं सुचलं नाही. मी रोझलीनबाईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगायचं. म्हणाल्या, "बॅटरीचा काम बाप्यांचा. मी कवा बगितला नाय." पाच वर्षं त्याच खाटेखाली झाडू मारत होत्या.

वॉल्टरच्या बॅटऱ्या रोज समुद्रावर जातात, त्या मागता येत नाहीत. पण चोवीस व्होल्ट म्हटल्यावर मला लगेच फ्रेडरिक आठवला. खात्यात माझ्याबरोबर होता. जुन्या इंटरकॉमना चोवीस व्होल्टच लागायचे आणि फ्रेडरिकने आयुष्यात एकही यंत्र फेकून दिलेलं नाही.

चोवीस. पानाच्या वर लिहून ठेवतो, मोठ्या अक्षरात. विसरणार नाही, पण असावं.

१३ डिसेंबर, बुधवार

सांडोरला फ्रेडरिककडे. केळीच्या वाडीत खाट टाकून पडला होता. पानांमधून उजेड येतो तो हिरवाच येतो, त्यात त्याची पांढरी दाढीसुद्धा हिरवी दिसत होती. माळ्यावरून त्याने एक डबा काढला, वालीवला बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातल्या इंटरकॉमचा. मीटर लावून बघितला. चोवीस, काटा हलत नाही. मी त्याला मिठीच मारली.

मग आम्ही बराच वेळ पडून राहिलो. पाटाचं पाणी कुठेतरी चालू होतं. फ्रेडरिकने विचारलं, "श्रीरंग, मागच्या महिन्यात आलास तेव्हा तू हाच डबा बघून गेलास, आठवतं ना?" मी म्हटलं, हो हो, आठवतं तर. आठवत नव्हतं. त्याचाच गोंधळ झाला असणार, वय झालंय त्याचं.

१४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी सेट चालू केला. पडदा आधी भुरा झाला, मग उजळला आणि किनारा दिसू लागला. वाळत घातलेली जाळी, एक कुत्रा, मागे समुद्राची रेघ. अगदी स्वच्छ. रोझलीनबाईंनी हात जोडले.

बोट नव्हती.

मी डोळे ताणून बघितलं. जिथे रोझरी उभी असायची तिथे ऊन पडलं होतं आणि कोणाची तरी पोरं खेळत होती. बाई म्हणाल्या, "आता नाय दिसनार. धुकं पायजे. साडेसहा-सातला या." पण त्यांच्या आवाजात मला काहीतरी समजूत घातल्यासारखं वाटलं आणि मी तिथून पळूनच आलो.

म्हणजे ग्लेनचं खरं. बाईंचं डोकं खरोखरच ठिकाणावर नाही. मी खटपट केली ती त्यांना घालवून देण्यासाठीच झाली. मला फार वाईट वाटतंय. इतकं का, ते कळत नाही. दुसऱ्याच्या आजाराची बातमी ऐकून आपणच अंथरूण धरावं तसं होतंय. आज जेवलो नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

विनयाबरोबर रोझलीनबाईंकडे गेलो. ग्लेन, त्याची बायको, सगळे मुक्कामाला आलेत. एक तारखेला दुपारी टेम्पो सांगितलाय. बॅग भरून झालीय. चालू सेटवर कोणीतरी झालर टाकलीय, तिच्यातून किनाऱ्याचा तुकडा दिसतो. बाईंनी मला करंज्या बांधून दिल्या आणि कानाशी म्हणाल्या, "साहेब, तुमी एकदा सकालचे या. तुमाला दिसंल."

मलाच का दिसेल, हे विचारायचं राहिलं.

२८ डिसेंबर, गुरुवार

गेलो. विनया उठायच्या आत सायकल काढली. किल्ल्याच्या पुढे रस्ताच नव्हता, सगळं धुकं. चाकाचा आवाज येत होता म्हणून मी चाललोय हे कळत होतं. बंदरात बोटी पाण्याशिवायच उभ्या असल्यासारख्या. बाई जाग्याच होत्या. बाकीचे झोपलेले. त्यांनी झालर बाजूला केली.

पडद्यावर काही नव्हतं. नुसता करडा रंग, सगळीकडे सारखा. समुद्र नाही, वाळू नाही. मी बसून राहिलो. डोळे स्थिरावले आणि मग त्या करड्यात एक आकार फिकट होत होत वर आला. पुढची टोकदार नाळ. केबिन. डोलकाठी, किंचित डावीकडे कललेली. पांढरी बोट. ती येत नव्हती की जात नव्हती, आपल्या जागी उभी होती.

मी धावत बाहेर गेलो. तिथे धुक्यात चाचपडलं, पायाखाली वाळू आणि शिंपले, दुसरं काही नाही. परत आत आलो. बोट होती.

"दिसली?" बाई म्हणाल्या.

"दिसली."

आम्ही दोघं बघत बसलो. कितीतरी दिवसांत मला इतकं शांत वाटलं नव्हतं. ऊन वर आलं तसा पडदा उजळला, वाळू आली, जाळी आली आणि बोट त्यात विरून गेली.

घरी येऊन विनयाला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "तुम्हालासुद्धा दिसली?" मी म्हटलं, अगदी डोलकाठीसकट. तिने माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. दुपारी अनुष्काला फोन केला. या वेळी आवाज दबका नव्हता, रडका होता.

म्हणजे आता आम्ही दोघंही वेडे. ठीक आहे. ग्लेनलाच दाखवलं पाहिजे.

३१ डिसेंबर, रविवार

दोन दिवस धुकंच नाही. लख्ख पहाट. ग्लेन उठून बसला होता बिचारा, कबूल केल्याप्रमाणे. दोन्ही दिवस नुसती वाळू दिसली. त्याने आईच्या खांद्यावर शाल घातली. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. उद्या शेवटचा दिवस.

१ जानेवारी २००७, सोमवार

उजाडायच्या आत निघालो. विनया म्हणाली, "एकटे जाऊ नका," म्हणून तीही रिक्षाने बरोबर. धुकं होतं. फार दाट नाही, पण होतं.

रोझलीनबाईंच्या घरात सामान दाराशी रचलेलं. ग्लेन रात्रीच्या मिस्सेच्या कपड्यांतच होता. आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो. करडं. ग्लेनने जांभई दिली आणि ती अर्ध्यातच थांबली.

तो उठला, पडद्याच्या अगदी जवळ गेला, काचेवर हात लावून केबिनची कड चाचपली. "हे फळकूट मी ठोकलं होतं. वाकडं. डॅडी ओरडले होते." मग खिडकीतून बाहेर बघितलं, परत आत बघितलं. "पण व्हाइट का? आपली काळी होती ना मम्मी?"

"कालीच होती. मला काय म्हाईत नाय? मी पांढरी म्हनते कारन पांढरी दिसते. तू काय दिसते ते विचारलंस."

कारण कोणाला सांगता येईना. मलाही नाही. तेवढ्यात ग्लेनच्या बायकोने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, नवीन लावायला. भिंत चुलीच्या धुराने मळकट झालेली आणि कॅलेंडरखालचा चौकोन मात्र कोरा, जसा रंगवला तसा. मी तिथेच टाळी वाजवली.

मी सगळ्यांना समजावलं. उजेड पडून पडून पडदा झिजतो. पाच वर्षं समोर तेच एक चित्र, आभाळ आणि वाळू लख्ख, मध्ये काळी बोट. जिथे लख्ख होतं तिथे पडदा झिजला. काळी बोट होती तेवढाच भाग कोरा राहिला, त्या चौकोनासारखा. उन्हाचं चित्र आलं की ते झाकलं जातं. धुक्यात सगळा पडदा सारखा होतो, तेव्हा कोरा भाग जास्त उजळतो. म्हणून बोट पांढरी आणि म्हणून पहाटेची.

विनया माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी नव्या नोकरीवरून पहिल्या दिवशी घरी आलोय.

ग्लेन खाटेच्या कडेला बसला, जिथे सेबेस्टियन असायचा. "मम्मी, तू असं नीट कधी सांगितलं नाहीस."

"सांगितला. तू रविवारचा येतोस, दुपारचा. तवा ऊन असतंय."

त्यावर तो जो रडला. मोठा माणूस, अंधेरीला साहेब आहे, पण आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. बोट विकल्याचं, आणखी कशाकशाचं. टेम्पो आला तो परत पाठवला. बाईंनी बॅगेतून सगळे कपडे काढले आणि बॅग ग्लेनला दिली, "तुज्या घरी ने, हितं जागा अडते."

मी आज फार आनंदात आहे.

७ जानेवारी, रविवार

आनंद टिकला नाही. जेवताना एकदम लक्षात आलं.

पडदा अजून झिजतोय. आता समोर बोट नाही, सगळी वाळूच लख्ख आहे. म्हणजे तो कोरा भागही रोज थोडा थोडा झिजणार. सेट जितका चालेल तितकी बोट पुसट होणार. आणि तो चालू करून दिला मी.

विनयाला हे सांगितलं तर ती ताट तसंच ठेवून उठली. तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

८ जानेवारी, सोमवार

रोझलीनबाईंना सांगायलाच हवं होतं. विनयाही बरोबर आली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं: सेट बंद करून कपाटात ठेवा, बोट आहे तशी राहील. रोज लावलात तर ती जाईल.

त्यांनी सुपातले बोंबील निवडणं थांबवलं नाही. "किती दिवस हाय?"

"नक्की नाही सांगता येत. वर्ष, दोन वर्षं. हळूहळू पुसट होईल. आधी डोलकाठी जाईल बहुतेक."

"आनि कपाटात ठेवली तर?"

"कायमची."

"कपाटात कोन बगनार तिला?" त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ निवडत राहिल्या. "लावा साहेब. हाय तवर बगू. रोज बगू."

मी विनयाकडे बघितलं, म्हटलं तू तरी समजाव. पण ती रोझलीनबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बोंबील निवडू लागली. तिला मासळी निवडताना आजवर मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी अनुष्काचा फोन. विनया माझ्यासमोरच बोलली, "नाही गं, घर विकायचं नाही. पुण्याचं पुढे बघू. सध्या आम्हाला रोज पहाटे बंदरावर जायचं असतं." आम्हाला? माझ्या पासष्टीचा बेत बारगळलेला दिसतो, तेवढंच कळलं.

११ जानेवारी, गुरुवार

आज दाट धुकं होतं. विनया आणि मी चालतच गेलो. तिने सबंध रस्ता माझा हात धरला होता, या वयात. रोझलीनबाईंनी दोन खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. करडा पडदा, मग नाळ, मग केबिन, मग डोलकाठी. सगळं जागेवर. मी विनयाला एक एक करून दाखवत होतो, हे बघ, हे फळकूट, हे वाकडं.

ती हो हो म्हणत होती. पण जरा वेळाने सहज वळून बघतो तर तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. ती माझ्याकडे बघत होती, केव्हाची कोण जाणे, अगदी टक लावून.

म्हटलं, अगं, बोट तिकडे आहे.